हार्प, घांगळी आणि पाड्यावरची शाळा
शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : प्राथमिक शाळेत मुलांना हार्प आणि जवळची तंतुवाद्ये शिकवण्याबाबत

हार्प हे मोकळ्या तारांचे वाद्य आहे. सतार, व्हायोलिन किंवा गिटार यांत एकाच तारेवर ठिकठिकाणी बोट दाबून निरनिराळे सूर काढतात. हार्पमध्ये तार दाबायची नसते. प्रत्येक सुराला स्वतंत्र तार असते, लांब तार खालचा सूर देते, आखूड तार वरचा. तारा ध्वनिपेटीवर आडव्या पसरलेल्या नसतात, पेटीतून उभ्या निघून वरच्या वाकड्या दांडीला जाऊन मिळतात. लहान मुलाच्या दृष्टीने या रचनेत मोठी सोय आहे. तार आधी नीट लावून ठेवली असेल, तर पहिल्याच दिवशी छेडलेला सूर खरा लागतो. व्हायोलिनवर तो शोधण्यात महिने जातात, बासरीत फुंक जमेपर्यंत नुसती हवा निघते. हार्पवर मूल सुरापासून सुरुवात करते आणि नंतर हात सुधारत जाते. सहा-सात वर्षांच्या वयाला हाच क्रम मानवतो.

पाश्चात्त्य वाद्यवृंदातले मोठे हार्प 47 तारांचे असते. त्याला पायाने दाबायच्या सात पट्ट्या असतात. सेबास्तियन एरार या कारागिराने 1810 साली पॅरिस-लंडनमध्ये या रचनेला पक्के रूप दिले. त्या सगळ्या तारांचा मिळून ताण सुमारे 900 किलो भरतो, म्हणून पुढे भक्कम खांब लागतो. ते वाद्य मुलांसाठी नाही. मुलांना वीस-पंचवीस तारांचे, मांडीवर किंवा बुटक्या स्टुलावर राहील असे छोटे हार्प देतात. त्याच्या प्रत्येक तारेपाशी एक लहान कळ असते, ती वर केली की सूर अर्धा स्वर चढतो. तारांच्या जंगलात मूल हरवू नये म्हणून ‘सी’ची प्रत्येक तार लाल आणि ‘एफ’ची काळी किंवा निळी ठेवतात. बाकीच्या तारा त्या दोहोंच्या आधाराने ओळखायच्या.

हाताची रीतही साधी आहे, पण ती पहिल्या महिन्यात लागली नाही तर पुढे निस्तरत नाही. अंगठा वर उभा आणि बाकीची बोटे त्याच्या खाली, तारांकडे झुकलेली. करंगळी वापरत नाहीत, ती आखूड पडते आणि सगळा हात वाकडा करते. बोट तारेवर आधी टेकवायचे, मग दाब देऊन आत तळहाताकडे मिटायचे. मुले सुरुवातीला तार बाहेर उपटतात, कडीची दोरी ओढावी तशी, आणि सूर फटकन तुटतो. बोट तळहातात जाऊन मिटले की तोच सूर भरून येतो. हा फरक कोणत्याही मुलाला सांगावा लागत नाही, त्याचे त्यालाच ऐकू येतो. नायलॉनच्या तारा बोटाच्या मांसल टोकाने वाजवतात, म्हणून नखे कापलेली हवीत. पहिले पंधरा दिवस बोटांची टोके हुळहुळतात, कधी फोड येतो. त्यामुळे रोज दहा मिनिटे वाजवणे आठवड्यातून एकदा तासभर वाजवण्यापेक्षा बरे. शाळेच्या वेळापत्रकाला ही गोष्ट आधीच माहीत असावी.

हे वाद्य परदेशी आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत त्याचे काय काम, असा प्रश्न पहिल्यांदा पुढे येतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच दगडात कोरलेले आहे. मळवलीजवळच्या भाजे लेण्यांत, इसवी सनापूर्वीच्या काळातल्या विहारात, हत्तीवर बसलेल्या देवतेच्या मोठ्या शिल्पपटात खाली एक राजा बसला आहे. त्याच्यापुढे एक जण नाचत आहे आणि शेजारी धनुष्यासारख्या वाकड्या दांडीची वीणा वाजते आहे. ती वीणा म्हणजे हार्पच. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर राजा स्वतः आसनावर बसून तसलीच वीणा मांडीवर घेऊन वाजवताना दिसतो. नाट्यशास्त्रात बोटांनी वाजवायची सात तारांची चित्रा आणि ‘कोण’ नावाच्या छेडणीने वाजवायची नऊ तारांची विपंची अशा वीणा सांगितल्या आहेत. बावीस श्रुती पटवून देण्यासाठी भरताने दोन सारख्या लावलेल्या वीणा घ्यायला सांगितल्या. एक जशीच्या तशी ठेवायची, दुसरीच्या तारा पायरीपायरीने उतरवायच्या आणि कोणत्या पायरीला तिचा कोणता सूर पहिल्या वीणेच्या कोणत्या सुराशी जुळतो ते कानाने ऐकायचे. हा प्रयोग मोकळ्या तारांच्या वाद्यावरच नीट उमजतो, आणि तो वर्गात दहा वर्षांच्या मुलांकडून करून घेता येतो.

जातकांत गुत्तिल नावाच्या वीणावादकाची कथा आहे. काशीचा हा म्हातारा गुरू आपली सगळी विद्या मूसिल या शिष्याला देतो, आणि तोच शिष्य दरबारात त्याच्याशी सामना मांडतो. गुत्तिल एकेक तार तोडत जातो आणि तरी वीणा वाजत राहते. सोण या भिक्षूला बुद्धाने वीणेच्या तारेचा दाखला दिला, तो तर अजून लोकांच्या बोलण्यात आहे: तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. या कथांतली वीणा आजच्या सरस्वतीच्या हातातली वीणा नव्हे. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात वाकड्या दांडीची वीणा शिल्पांतून हळूहळू दिसेनाशी झाली. तिच्या जागी सरळ दांडीला भोपळे लावलेली आणि पडद्यांवर बोट दाबून वाजवायची वाद्ये आली. वीणा हे नाव तेवढे मागे राहिले, वाद्य बदलले. हे पत्र जिथून लिहिले ते कामण गाव ज्या वसई तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली उकरून काढला. सोपारा हे त्या जुन्या जगातले गजबजलेले बंदर होते, म्हणजे ही वीणा कामणच्या मुलांच्या गावकुसाबाहेरची नाही.

भारतात हार्प पुरते संपले, असे बराच काळ धरले जात होते. पण मध्य प्रदेशातल्या मंडला भागात गोंडांचे भाट असलेल्या परधानांकडे पाच तारांचा ‘बीनबाजा’ वाजत होता. अमेरिकन संगीत-अभ्यासक रॉडरिक नाइट यांनी 1985 साली त्यावर लेख लिहिला तेव्हा अभ्यासकांचे तिकडे लक्ष गेले. वाकडी दांडी, खाली कातड्याने मढवलेली पेटी, पाच तारा. भाज्याच्या शिल्पातून उतरून आल्यासारखे ते वाद्य आहे. तेही वाजवणारे थोडेच उरले होते. परधान महाराष्ट्रातही आहेत, यवतमाळ-चंद्रपूरकडे, पण तिकडे त्यांच्या हातात गजाने वाजवायची किंगरी असते.

एखादे वाद्य कसे मरते आणि त्याला वाचवण्याचे कोणते उपाय लागू पडतात, हे आयर्लंडच्या इतिहासात सगळ्यात स्पष्ट दिसते. तिथे हार्प हे देशाचे चिन्ह आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने 1534 च्या सुमारास आयर्लंडसाठी पाडलेल्या नाण्यांवर ते आले आणि आजच्या आयरिश युरो नाण्यांवरही ते आहे. नाण्यांवर हार्पचे चित्र घरोघर खेळत असताना प्रत्यक्ष वाजवणारे मात्र कमी होत गेले. जुलै 1792 मध्ये बेलफास्टच्या काही नागरिकांनी उरलेसुरले वादक एकत्र बोलावले. आयर्लंडचे दहाच वादक आले. त्यांतले निम्म्याहून अधिक आंधळे होते, कारण त्या देशात आंधळ्या मुलाला पोटापाण्यासाठी हार्प शिकवण्याची रीत होती. सगळ्यांत वयोवृद्ध डेनिस हेम्पसन. त्याचे वय नव्वदीच्या पार गेलेले. तो एकटाच धातूच्या तारांवर जुन्या पद्धतीने, वाढवलेल्या वाकड्या नखांनी, नख आणि मांस यांच्या मध्ये तार धरून वाजवत होता. एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक चाली उतरवून घ्यायला बसला. त्याने फार मोठे काम केले, त्याच्या वह्या आणि छापील संग्रह नसते तर कित्येक चाली आज कुणाला ठाऊक नसत्या. पण वहीत चाल येते, हात येत नाही. हेम्पसन 1807 साली वारला. मुलांना हार्प शिकवण्यासाठी बेलफास्टमध्ये संस्था निघाली ती त्यानंतर, 1808 साली. नखांची ती पद्धत कोणा मुलाच्या हातात उतरण्यापूर्वीच गेली होती. पंधरा वर्षे हाताशी होती आणि ती लिहिण्यात गेली.

त्या संस्थेत आर्थर ओनील हा आंधळा वादक गरीब आंधळ्या मुलांना शिकवत असे. 1813 मध्ये पैशाअभावी ती बंद पडली. ती पुन्हा उभी राहिली 1819 साली, आणि पैसा गेला भारतातून. इथे नोकरीला असलेल्या आयरिश लोकांनी वर्गणी जमवून पाठवली. इकडे पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झाले होते आणि या देशातून गेलेल्या पैशावर बेलफास्टमध्ये आंधळी मुले हार्प शिकत होती. तोही प्रयत्न 1839 च्या सुमारास थांबला, कारण वर्गणी संपली आणि शिकवणे सरकारी शाळांच्या रोजच्या कामात कधी आलेच नाही. पुढे विसाव्या शतकात मुलींच्या निवासी शाळांनी हार्प हातात घेतले, 1960 मध्ये वादकांची संघटना झाली, आणि 2019 साली आयरिश हार्पवादनाची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. नोंद शेवटी आली. आधी शाळा आल्या, शाळांतली मुले आली.

महाराष्ट्रात क्रम उलटा चालू आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण तेच आहे. वारली चित्रकला 1970 च्या दशकात भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या चित्रांमुळे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती गोल फिरणारा नाच आज विमानतळापासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडे काढलेला दिसतो. चित्र सगळ्यांना माहीत झाले आहे. प्रत्यक्ष तारपा फुंकणारा तरुण पाड्यावर शोधावा लागतो. आयर्लंडमध्ये नाण्यावरच्या हार्पचे जे झाले, तेच इथे भिंतीवरच्या तारप्याचे होऊ लागले आहे.

तारपा निदान ओळखीचा तरी आहे. घांगळीचे नाव शहरातल्या वाचकाला ऐकूनही माहीत नसते. घांगळी हे वारली आणि कोकणा समाजाचे तंतुवाद्य आहे. बांबूची दांडी, तिच्या खाली दोन सुकवलेले भोपळे, दांडीवर मेणाने बसवलेले पडदे, आणि बोटाने छेडायच्या तारा. कणसरी या धान्यदेवतेची लांबलचक कथा भगत रात्रभर घांगळीच्या साथीने गातो. प्राचीन हार्पच्या जागी भारतभर पसरलेली सरळ दांडीची वीणा आपल्या सगळ्यांत साध्या रूपात या डोंगरांत शिल्लक राहिली आहे. भाज्याच्या शिल्पातली वीणा आणि पाड्यावरची घांगळी या दोघींना शेजारी ठेवले की भारतीय तंतुवाद्यांच्या दोन हजार वर्षांच्या प्रवासाची दोन टोके एका बाकावर येतात.

कामण हे वसई रोड-दिवा मार्गावरचे गाव. स्टेशनाचे नाव कामण रोड. एका बाजूला तुंगारेश्वराचे जंगल आणि कामणदुर्गाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता आणि त्याच्या कडेने वाढत गेलेली गोदामे व कारखान्यांच्या शेड. पाड्यांवर वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबे राहतात, शेडच्या मागे चाळींत उत्तरेकडून आलेल्या कामगारांची. एकाच वर्गात तीन-चार बोली ऐकू येतात. अशा वर्गात भाषेचा तास कठीण जातो. सुराचा तास त्यामानाने सोपा जातो, कारण लाल तार सगळ्यांना सारखीच लाल दिसते.

वाद्य आणायचे कोठून, हा पुढचा प्रश्न. परदेशी हार्प विकत घेण्याची गरज नाही. मुलांनी शिकायचे हार्प पाड्यावरच बनू शकते, आणि ते बनवणे हाच शिकण्याचा पहिला टप्पा ठरावा. वाकवायला जून बांबूची जाड पट्टी, पेटीला सुकवलेला मोठा भोपळा, आणि तारांना तंगूस. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याचे कोळी ज्या नायलॉन तंगुसाने मासे धरतात, तो आणि छोट्या हार्पची नायलॉन तार या मुळात एकाच जातीच्या वस्तू आहेत: अखंड, एकेरी नायलॉन धागा. सुमारे 0.6 पासून 1 मिलिमीटरपर्यंत जाडीचे तीन-चार प्रकार घेतले की खालच्या सुरांना जाड आणि वरच्यांना बारीक तार मिळते. भोपळा कापून त्यावर कातडे मढवण्याचा मोह टाळावा. वसईच्या जुलैत कातडे सैल पडते, ढोलकी शेकावी लागते तसे ते रोज शेकत बसावे लागेल. पातळ प्लायवूडची टोपी बरी. खुंट्या शिवणीच्या किंवा सागाच्या लाकडाच्या, किंचित निमुळत्या. बांबू अभयारण्यातून तोडायचा नाही, मालकीच्या जागेतला घ्यायचा. वन कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिलेला नाही, त्यामुळे ही अडचण आता कागदावरही उरलेली नाही. बांबू काही आठवडे पाण्यात भिजवून सुकवला की भुंगा कमी लागतो, हे पाड्यावरच्या कोणत्याही सुपे-टोपल्या विणणाऱ्याला ठाऊक असते. भोपळ्याबद्दल तर महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शेतांत पिकतात.

पुढचा खांब नसलेल्या या भारतीय घडणीच्या हार्पला एक खोड आहे, आणि ती खोड हाच त्याचा उत्तम धडा आहे. पहिली तार लावून झाली आणि दुसरी ओढायला घेतली, की वाकडी दांडी जरा आणखी वाकते आणि पहिली तार उतरते. तिसरी ओढली की पहिल्या दोन्ही उतरतात. मूल वैतागते, खुंटी पिळत राहते. मग हळूहळू त्याच्या लक्षात येते की सगळ्या तारा थोड्या-थोड्या चढवत, पुन्हा पुन्हा पहिल्याकडे परत येत वीणा लावायची असते. युरोपातल्या कारागिरांनी पुढे खांब घालून हा प्रश्न मिटवला. इथे तो मिटवू नये. चौथीतले मूल अर्धा तास बसून पाच तारा एकमेकींशी जुळवते, तेव्हा त्याचा कान जितका तयार होतो तितका वर्षभर तयार वाद्य वाजवून होत नाही.

तारा पाचच ठेवाव्यात. सा, रे, ग, प, ध: भूपाचे सूर. या पाच सुरांत कोणताही सूर कोणत्याही सुरानंतर आला तरी कानाला खटकत नाही, त्यामुळे मुलाला चुकण्याची भीती राहत नाही आणि वर्गातली तीस मुले एकदम वाजवू लागली तरी गोंगाटात एक मेळ राहतो. बीनबाजालाही पाचच तारा असाव्यात, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी सा लावायचा, मग त्याच्याशी पंचम. सा-पंचम जुळला की कानाला एक थांबा मिळतो, ती जागा मुले दोन-तीन आठवड्यांत स्वतः ओळखू लागतात. मग उरलेल्या तारा. फोनवरचे सूर मोजणारे साधन शिक्षकाने स्वतःच्या खात्रीसाठी वापरावे, मुलांच्या हाती देऊ नये. ते दिले की मुले पडद्यावरच्या काट्याकडे पाहू लागतात, तारेकडे कान देत नाहीत.

वाजवण्याचा क्रम असा राहावा. पहिला महिना फक्त अंगठा आणि पहिले बोट, एक तार सोडून एक. मग तीन बोटे, पण तारेवर बोटे आधी ठेवून मगच छेडायची. मग पाड्यावरची गाणी: लग्नातली, लावणीच्या वेळची, मुलांच्या खेळातली. यांतली पुष्कळ गाणी थोड्या सुरांत बसतात आणि मुलांना पाठ असतात. मुलाने गात गात त्याच सुरांवर बोट ठेवत जायचे. लिपी नंतर, बरीच नंतर. दुसऱ्या वर्षी सात तारा कराव्यात आणि नाट्यशास्त्रातल्या चित्रेचे नाव तेव्हा सांगावे. सातवी-आठवीत ज्याला ओढ आहे त्याला स्वरमंडळाकडे, सतारीकडे, किंवा जिथे शक्य आहे तिथे खऱ्या हार्पकडे जाता येते. किशोरी आमोणकरांच्या मांडीवरचे स्वरमंडळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मोकळ्या तारांचे वाद्य मराठी मैफलीत किती सहज बसते हे वेगळे सांगायला नको.

शिकवणार कोण? इथे शासनाकडून तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली गोष्ट निदेशकाची. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण ते शंभरहून अधिक पट असेल तरच. पाड्यावरच्या शाळांचा पट शंभराच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ज्या मुलांच्या घरात वाद्य आहे, गाणे आहे, त्यांच्याच शाळेत कलेचा निदेशक येऊ शकत नाही, आणि कारण एकच, की पाडा लहान आहे. कायद्यातली अट किमान मर्यादा सांगते, शासनाला त्याहून अधिक देण्यास ती मना करत नाही. चार-पाच जवळच्या शाळांचा पट एकत्र धरून त्यांना मिळून एक निदेशक देणे शासन निर्णयाने शक्य आहे. कामण परिसरापासून त्याची सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट पात्रतेची. घांगळी वाजवणारा बहुधा शाळा न शिकलेला असतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र मागितले की विषय तिथेच संपतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलांच्या जाणकारांना शाळेत शिकवण्यासाठी बोलावण्यास स्पष्ट वाव दिला आहे, आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस ठेवले आहेत. महाराष्ट्राने 2024 पासून आनंददायी शनिवारही सुरू केला. वेळ आहे, धोरणही आहे. उरते ते मानधन. भगताने शेतीचा दिवस मोडून शाळेत यायचे तर त्याला त्या दिवसाची मजुरी वेळेवर, त्याच्या खात्यात, कोणाच्या मेहरबानीशिवाय मिळाली पाहिजे. मानधन सहा महिने रखडले की माणूस पुन्हा येत नाही, आणि त्याच्याबरोबर वाद्यही जाते. या एका बाबतीत ढिलाई झाली तर बाकी सगळी योजना वाया गेली असे समजावे.

तिसरी गोष्ट पैशांपेक्षा संयमाची आहे. घांगळी पूजेत वाजते. ती शाळेत आणायची की नाही, आणायची तर कोणत्या गोष्टी शाळेत वाजवायच्या आणि कोणत्या फक्त देवापुढे, हे पाड्याने ठरवायचे. शिक्षकाने नाही, अधिकाऱ्याने नाही. पाड्याने नकार दिला तर तो मान्य करून मुलांना नुसते पाच तारांचे हार्प शिकवावे, तेही पुरेसे आहे. मुलींनी वाजवावे का, हा प्रश्नही पाड्यावर निघेल. शाळेतले हार्प सगळ्यांचे, मुलींचे आणि मुलांचे सारखेच, हे शाळेने पहिल्या दिवशी सांगून टाकावे. आणि वाद्य शिकायला लागून महिना होतो न होतो तोच मुलांना डोक्याला मोरपिसे लावून पाहुण्यांसमोर उभे करण्याची जी घाई होते, ती होऊ नये. निदान पहिली दोन वर्षे हे हार्प कोणत्याही व्यासपीठावर नेऊ नये, असे परिपत्रकातच लिहावे. मुले वर्गात वाजवतील, आणि दारात उभी राहून त्यांची आजी ऐकेल. आजीला त्यात आपल्या गाण्याची चाल ओळखू आली की पुरे.

मूल्यमापनाला गुण नसावेत. वर्षाच्या शेवटी केंद्रप्रमुखाने वर्गात यावे, पाच तारा मुद्दाम उतरवून ठेवलेले हार्प एका मुलापुढे ठेवावे, आणि ते मूल ते लावेपर्यंत थांबावे. किती मुलांना वाद्य स्वतः लावता आले, एवढीच एक नोंद करावी. मग पावसाळ्यात तारा अर्ध्या सैल सोडून, ओल लागणार नाही अशा उंचीवर, चुलीच्या खोलीच्या भिंतीला वाद्ये टांगावीत. पोषण आहार शिजतो ती खोली शाळेत सगळ्यांत कोरडी असते.

कामण, ता. वसई, जि. पालघर